वाईचे जुने घर, एकटी राहणारी आई आणि दाराची जादा किल्ली

कृष्णाकाठ (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. माझी आई ७७ वर्षांची असून वाईच्या जुन्या भागातील आमच्या घरी एकटी राहते. मी पुण्यात असते आणि भाऊ नोकरीनिमित्त बंगळुरूला असतो. आईने आमच्याकडे येऊन राहावे यासाठी आम्ही पुष्कळ विनवण्या केल्या, पण तिचे देवघर, तिचा घाट आणि तिच्या मैत्रिणी तेथे आहेत, त्यामुळे तिच्या निर्णयाचा मान राखूनच मी हा प्रश्न विचारत आहे.

घर दगडी जोत्याचे आणि विटांच्या भिंतींचे आहे. पुढे ओसरी आणि मागे परसदार आहे. मुख्य दरवाजा दोन फळ्यांचा, जुन्या सागवानाचा आहे. त्याला आतून मधोमध कडी आणि वर एक खिट्टी आहे, तर बाहेरून ॲलड्रॉप (कुलूप अडकवायची सरकती दांडी) आणि पितळी कुलूप आहे. परसदाराला अलीकडे बसवलेले साधे फ्लश डोअर असून त्याला आतून एकच टॉवर बोल्ट आहे. जादा किल्ली वडिलांच्या काळापासून तुळशीवृंदावनाच्या कोनाड्यात ठेवलेली असते, आणि ही गोष्ट आळीतल्या बहुतेकांना ठाऊक असावी.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री आईला चक्कर आली आणि ती न्हाणीघराच्या दाराशी पडली. तिचा आवाज ऐकून शेजारचे काका धावत आले, पण दाराला आतून कडी असल्यामुळे त्यांना बाहेरच उभे राहावे लागले. काही वेळाने आईच सावकाश उठली आणि तिने दार उघडले. तिला मोठी इजा झाली नाही, पण त्या दिवसापासून दोन परस्परविरुद्ध काळज्या माझ्या मनात आहेत. रात्री दार इतके पक्के हवे की कोणाला बाहेरून ते उघडता येऊ नये, आणि त्याच वेळी गरज पडली तर विश्वासाच्या माणसाला ते बाहेरून उघडता आले पाहिजे. या दोन्ही गोष्टी एकाच दरवाजावर साधता येतात का? जुन्या दाराला फारसा छेद न देता कोणते कुलूप बसवता येईल, आणि जादा किल्ली कोनाड्यात नाही तर मग कोठे ठेवावी, याविषयी जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

रंधा-पटाशी, कोल्हापूर

नमस्कार ताई. सुतारकाम हा आमचा पिढीजात व्यवसाय असून जुन्या घरांच्या दरवाजांची दुरुस्ती हे माझे नेहमीचे काम आहे. तुमच्या प्रश्नातली खरी अडचण किल्लीची नसून आतल्या कडीची आहे, हे आधी स्पष्ट करतो. कडी, खिट्टी किंवा अडसर आतून लागला की बाहेरचा माणूस हातात किल्ली घेऊन उभा असला तरी त्या किल्लीचा उपयोग शून्य. म्हणून जादा किल्ली कोठे ठेवायची हे ठरवण्याआधी, रात्री आई जे लावणार आहेत ते बाहेरून किल्लीने उघडणारे हवे, एवढे ठरवून घ्या.

यासाठी बाहेरच्या बाजूला किल्लीचे भोक आणि आतल्या बाजूला हाताने फिरवायची मूठ असलेले कुलूप मिळते. आई आतून मूठ फिरवून बोल्ट लावतील, आणि बाहेरून किल्ली घातली की तोच बोल्ट मागे येईल. दोन्ही बाजूंनी किल्ली लागणारे कुलूप मात्र तुमच्या घरी नको. आतली किल्ली भोकातच राहिली तर साध्या सिलिंडरमध्ये, म्हणजे कुलपाच्या ज्या भागात किल्ली फिरते त्यात, बाहेरची किल्ली पुरती जात नाही किंवा फिरत नाही. शिवाय रात्री आग लागली किंवा दिवे गेले, तर वयस्कर माणसाने आत किल्ली शोधत बसणे धोक्याचे आहे. आतून बाहेर पडायला किल्ली लागता कामा नये, हा नियम मी प्रत्येक घरी सांगतो.

तुमचे दार दोन फळ्यांचे असल्याने कामाला थोडी जास्त आखणी लागेल. दोन फळ्या मधोमध एका कडीने जोडलेल्या असतात तेव्हा जोर लावल्यास दोन्ही फळ्या एकदम हलतात आणि कडी कितीही जाड असली तरी मधली फट उघडत जाते. म्हणून एक फळी कायमची स्थिर करावी. तिला वर गणेशपट्टीत आणि खाली उंबऱ्यात जाणारे दोन भक्कम बोल्ट लावावेत. उंबरा दगडी असेल तर त्यात भोक पाडून पितळी किंवा पोलादी टोपण बसवावे, कारण नुसत्या दगडाच्या भोकाची कड काही वर्षांत झिजते. रोजच्या ये-जा करण्यासाठी दुसरी फळी वापरावी, आणि दोन्ही फळ्यांच्या सांध्यावर बाहेरून सागवानी पट्टी असावी, म्हणजे फटीतून पट्टी किंवा पहार सरकवता येणार नाही. जुन्या दारांना ही पट्टी बहुधा असतेच. ती खिळ्यांवर ढिली झाली आहे का, एवढे पाहून घ्या.

कुलूप म्हणाल, तर जुन्या सागवानाच्या जाडीत खाच खणून बसवायचे मॉर्टिस लॉक मी तुम्हाला सुचवणार नाही. आतल्या अंगाला वरून बसवायचे रिम लॉक घ्या. त्यासाठी दाराला सिलिंडरपुरते एक गोल भोक आणि स्क्रूंची भोके एवढेच पाडावे लागते. त्यात सरळ, चौकोनी तोंडाचे दोन किंवा तीन बोल्ट बाहेर येणारा प्रकार मिळतो, तो घ्यावा. नुसत्या तिरक्या जिभेचे लॅच, जे दार ओढताच आपोआप लागते, ते एकट्या माणसाच्या घरी दोन कारणांनी नको. ती जीभ मागे ढकलता येते हे एक कारण. दुसरे असे की आई अंगणात रांगोळी काढायला गेल्या आणि वाऱ्याने दार आपटले की त्या बाहेर आणि किल्ली आत, अशी स्थिती होते. कुलूप विकत घेण्याआधी दाराची जाडी त्याच जागी मोजा, कारण जुनी दारे चौकटीपाशी जाड आणि मधल्या तक्त्यांपाशी पातळ असतात, आणि सिलिंडरची लांबी त्या जाडीला जुळावी लागते. सिलिंडरचे तोंड दाराच्या पृष्ठभागाबाहेर दोन-तीन मिलिमीटरहून जास्त आलेले नसावे.

आता कोयंड्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण लोक कुलपावर पैसे खर्च करतात आणि कोयंड्याकडे पाहतही नाहीत. घरफोडीच्या बातम्यांमध्ये ‘कडी-कोयंडा उचकटून’ हे शब्द नेहमी वाचायला मिळतात, आणि ते अक्षरशः खरे असतात. कुलूप शाबूत राहते आणि ज्या लाकडात कोयंडा बसवला आहे तेथून तो स्क्रूंसकट बाहेर येतो. अर्धा-पाऊण इंचाचे स्क्रू, तेही हातोडीने ठोकून बसवलेले असले, तर याहून वेगळे काही घडणार नाही. तुमचा ॲलड्रॉप आणि त्याचा कोयंडा आरपार जाणाऱ्या बोल्टने बसवून घ्या. बाहेरच्या अंगाला गोल, गुळगुळीत डोके आणि आतल्या अंगाला मोठी चकती व नट असावा. नवीन कुलपाचे घर, म्हणजे स्थिर फळीवरचा जो भाग बोल्ट आत घेतो तो, हेही तसेच भक्कम धरलेले असावे. जुन्या घरांचा एक मोठा गुण सांगायला हवा: त्यांच्या चौकटीची वरची आणि खालची लाकडे भिंतीत खोल गेलेली असतात, त्यामुळे नव्या इमारतींतल्या, बाजूच्या होल्डफास्टवर (भिंतीत रोवलेल्या लोखंडी पट्ट्यांवर) उभ्या असलेल्या चौकटींपेक्षा त्या अधिक भक्कम असतात. ती चौकट बदलण्याचा सल्ला कोणी दिला तर कृपया ऐकू नका. वाळवी लागली आहे का, हे मात्र उंबऱ्यालगत पटाशीने टोचून पाहा.

परसदाराचा विचार वेगळा करावा. बाहेरून उघडता येणारे एक दार घराला पुरेसे असते, त्यामुळे मागचे दार आतून कितीही पक्के केले तरी तुमच्या दुसऱ्या काळजीला बाध येत नाही. तेथले फ्लश डोअर पोकळ आहे की भरीव हे बोटाने वाजवून कळते. पोकळ असेल तर ३५ मिलिमीटर जाडीचे भरीव दार घ्या. त्यावर भारतीय मानक २२०२ चा उल्लेख पाहून घ्यावा. वर आणि खाली एकेक बोल्ट आणि मधोमध आडवी पट्टी, एवढे पुरे. ही पट्टी आईंना एका हाताने उचलता येईल इतकी हलकी असावी, कारण पुढून बाहेर पडता आले नाही तर हेच दार त्यांच्या उपयोगी पडेल. दोन्ही दारांच्या शेजारी हात आत घालता येईल अशी खिडकी असेल तर तिच्या गजांवर बारीक जाळी बसवा, नाहीतर आतली मूठ बाहेरच्या हाताला सापडेल.

निवृत्त सर्व्हेअर, नाशिक

मी विमा सर्वेक्षणाच्या कामातून निवृत्त झालो आहे. रंधा-पटाशी यांनी दाराविषयी लिहिलेले सर्व योग्य आहे. कोनाड्यातल्या किल्लीची दुसरी बाजू मी मांडतो, कारण ती बहुतेक कुटुंबांना चोरी झाल्यानंतरच कळते.

चोरीच्या विम्याच्या अनेक पॉलिसींमध्ये घरात बळजबरीने प्रवेश झालेला असावा, अशी अट असते. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध हरचंद राय चंदन लाल या प्रकरणात असे ठरवले की पॉलिसीत घरफोडीची व्याख्या बळाच्या वापराशी जोडलेली असेल, तर चोरीच्या आधी बळाचा वापर झालेला असला पाहिजे. तो नसेल तर विमा कंपनी भरपाई देण्यास बांधील नाही. आता कोनाड्यातली किल्ली घेऊन कोणी शांतपणे दार उघडले, ऐवज नेला आणि जाताना कुलूपही लावले, तर दारावर ओरखडासुद्धा उमटणार नाही. पोलिसांत गुन्हा नोंदवला जाईल, कारण भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ प्रमाणे राहत्या घरातील चोरीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि त्यासाठी कुलूप तुटलेले असण्याची गरज नाही. पण गुन्हा सिद्ध होणे आणि विम्याची भरपाई मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सगळ्या पॉलिसींची शब्दरचना सारखी नसते, म्हणून तुमच्या घराचा विमा असेल तर साध्या चोरीचा त्यात समावेश आहे की नाही, आणि खऱ्या किंवा बनावट किल्लीने झालेल्या प्रवेशाविषयी त्यात काय लिहिले आहे, हे शांतपणे वाचून घ्या.

लपवण्याच्या जागांविषयी एवढेच सांगतो की पायपुसणे, कुंडी, चपलांचे कपाट, वीजमीटरचा डबा, चौकटीवरची पट्टी, स्कूटरची डिकी आणि तुळशीवृंदावन या जागा घरमालकाला जशा सुचतात तशाच परक्यालाही सुचतात. नवी, अधिक चतुर जागा शोधण्यातही अर्थ नाही, कारण किल्ली काढताना आणि ठेवताना माणूस दिसतोच, आणि आळीत एकाने पाहिलेली गोष्ट फार काळ एकट्याची राहत नाही. शिवाय अनेक वर्षे उघड्यावर राहिलेल्या किल्लीची नक्कल कोणी, केव्हा करून ठेवली असेल हे सांगता येत नाही. तेव्हा कोनाड्यातली किल्ली काढून घेणे पुरेसे नाही. ती ज्या कुलपाची आहे ते कुलूपही वापरातून काढा.

किल्ली जागेकडे न सोपवता माणसाकडे सोपवावी, हे माझे मत आहे. त्याबरोबर एक छोटी लेखी नोंद अवश्य ठेवावी: एकूण किल्ल्या किती, कोणती कोणाकडे, केव्हा दिली. ही नोंद अविश्वास म्हणून नसते. दुर्दैवाने काही घडलेच, तर ज्यांनी आपुलकीने किल्ली सांभाळली त्यांच्याकडे विनाकारण बोट दाखवले जाऊ नये, यासाठी ती असते. मी पाहिलेल्या प्रकरणांत मौल्यवान वस्तूंपेक्षा शेजारधर्माचे नुकसान अधिक झालेले मला दिसले आहे, आणि ते कोणत्याही पॉलिसीतून भरून निघत नाही.

कृष्णाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. परसदार आतून पूर्ण बंद ठेवून पुढचे एकच दार बाहेरून उघडणारे ठेवावे, ही गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती. दोन गोष्टी विचारते. शेजारचे काका-काकू वर्षातून काही महिने मुलीकडे जातात, तेव्हा जवळचे असे कोणी राहत नाही. आईकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी वर्षानुवर्षे येत आहेत आणि त्या दोन गल्ल्या सोडून राहतात. त्यांच्याकडे किल्ली द्यावी असे मला वाटते, पण नातेवाइकांना ते पटत नाही. भावाचे म्हणणे असे की किल्लीच नको, बोटाच्या ठशावर उघडणारे इलेक्ट्रॉनिक कुलूप बसवावे. याविषयी अनुभव असलेल्यांनी लिहावे.

पायरीवरची, डोंबिवली

आमच्या गृहनिर्माण संस्थेत एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची विचारपूस करण्याचे काम आम्ही काही जणी मिळून करतो, त्या अनुभवातून लिहिते.

ठशावरच्या कुलपाविषयी आधी सांगते. वयोमानाने आणि घरकामाने बोटांच्या रेषा पुसट होतात. आधारच्या पडताळणीवेळी कितीतरी आजी-आजोबांना याचा त्रास झालेला आपण पाहिला आहे. हात ओले असले किंवा पीठ लागलेले असले तरी ठसा ओळखला जात नाही. असे कुलूप घ्यायचेच असेल, तर ते अंकांच्या कोडवर आणि साध्या किल्लीवरही उघडणारे असावे, म्हणजे ठसा हा एकमेव मार्ग राहणार नाही. दूर राहणाऱ्या मुलांना त्याचा एक खरा फायदा आहे: गरजेच्या वेळी कोड फोनवरून सांगता येतो आणि नंतर बदलता येतो. पण ते सेलवर चालते, सेल संपत आल्याची सूचना ऐकून ते बदलणारे कोणीतरी घरात लागते, आणि तुमच्या दोन फळ्यांच्या जुन्या दारावर ते नीट बसेल की नाही हे आधी सुताराने पाहिले पाहिजे. ७७ वर्षांच्या आईंना ज्याची सवय आहे त्याच्या जवळचे साधन निवडणे मला अधिक योग्य वाटते. रात्री घाबरलेल्या अवस्थेत हात सवयीनेच चालतात.

मावशींना किल्ली द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या रोज सकाळी येतात त्यांनाच आई दार उघडत नाहीत हे सर्वांत आधी कळणार आहे. मात्र किल्ली त्यांच्या एकट्याकडे असू नये, आणि आणखी कोणाकडे आहे हे त्यांना सांगितलेले असावे. नाशिकच्या काकांनी नोंदीचा मुद्दा लिहिला आहे, तो येथे फार महत्त्वाचा आहे. घरात काही सापडेनासे झाले की पहिला संशय कामाला येणाऱ्या बाईवर घेण्याची वाईट रीत आपल्याकडे आहे, आणि किल्ली देऊन आपण त्यांना त्या संशयाच्या तोंडी देत असू, तर तो त्यांच्यावर अन्याय होईल. त्यांची स्वतःची इच्छा आहे का, हेही आईंसमोर विचारा; नको म्हणाल्या तर आग्रह धरू नका.

आमच्याकडे प्रत्येक ज्येष्ठाच्या दोन किल्ल्या दोन वेगळ्या घरांत असतात. किल्ली पाकिटात घालून पाकीट चिकटवतो आणि चिकटवलेल्या कडेवर घरमालकाची सही घेतो, म्हणजे ते उघडले गेले तर लगेच समजते. किल्लीवर किंवा पाकिटावर नाव आणि पत्ता लिहीत नाही. फक्त खूण असते. सुरक्षारक्षकाकडे किल्ली ठेवत नाही, कारण रक्षक एजन्सीचे असतात आणि बदलत राहतात. काका-काकू मुलीकडे जातील तेव्हा त्यांनी त्यांचे पाकीट ठरलेल्या तिसऱ्या घरी द्यावे आणि तुम्हाला फोन करावा, एवढी शिस्त पुरेशी आहे. कोकणातल्या आमच्या गावी मुंबईकरांची घरे वर्षभर बंद असतात आणि त्यांच्या किल्ल्या गावातल्याच एका घरी असतात. गणपतीआधी तेच लोक घर उघडून झाडून ठेवतात. ही जुनी रीत अजून टिकून आहे, कारण किल्ली कोणाकडे आहे हे दोन्ही बाजूंना नेमके ठाऊक असते.

आणखी एक काम पुण्याहून येऊन स्वतः करा. ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ आणि कल्याणाविषयीच्या २००७ च्या कायद्याखाली महाराष्ट्राने २०१० साली नियम केले आहेत, आणि पोलीस ठाण्याने हद्दीतील, विशेषतः एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी ठेवावी अशी त्यांत तरतूद आहे. वाईच्या पोलीस ठाण्यात आईंचे नाव, तुमचा फोन क्रमांक आणि किल्ली असणाऱ्या दोन व्यक्तींची नावे देऊन ठेवा. तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि ज्येष्ठांच्या अडचणींसाठी १४५६७ हे क्रमांक आईंच्या फोनजवळ मोठ्या अक्षरांत लिहून लावा.

परदेशस्थ मराठी, लेस्टर

मी ब्रिटनमध्ये वृद्धांच्या घरी जाऊन त्यांची देखभाल करण्याच्या क्षेत्रात काम करते. किल्ली घराबाहेर ठेवण्याचा एक प्रकार येथे सर्रास वापरला जातो, तो काका-काकू नसतानाच्या काळासाठी तुम्हाला उपयोगी पडू शकेल. दाराजवळच्या भिंतीवर मुठीएवढी पोलादी पेटी बोल्टने घट्ट बसवलेली असते आणि अंकांचा कोड लावल्यावर तिचे झाकण उघडते. दिवसातून निरनिराळ्या वेळी निरनिराळ्या सेविका येतात, त्यांना प्रत्येकी किल्ली देण्यापेक्षा कोड सांगणे सोपे जाते.

सगळ्या पेट्या सारख्या नसतात. दाराच्या मुठीला अडकवायच्या, हलक्या धातूच्या पेट्या पर्यटकांना खोली देणाऱ्यांसाठी असतात आणि त्या घराच्या संरक्षणाला पुरेशा नाहीत. येथे पोलिसांच्या पुढाकाराने चालणारा ‘सिक्युअर्ड बाय डिझाइन’ हा उपक्रम आहे आणि त्याची मान्यता असलेली पेटी घ्यावी, असा सल्ला आम्ही कुटुंबांना देतो. भारतात अशी पेटी घेतलीत तर ती विटेच्या सांध्यात किंवा नुसत्या गिलाव्यात बसवू नका, भरीव विटेत किंवा दगडात खोल बोल्ट घाला. रस्त्यावरून ती दिसता कामा नये, आणि पावसाचे पाणी थेट पडणार नाही अशी ओसरीच्या आतली बाजू निवडा.

कोड आईंच्या जन्मसालाचा किंवा घर क्रमांकाचा नको. दाबायची बटणे असतील तर नेहमीच्या कोडची बटणे झिजून आणि मळून ओळखू येतात, म्हणून ठरावीक काळाने कोड बदलावा आणि बटणे पुसून घ्यावीत. कोणाला फोनवर कोड सांगावा लागला, तर ती वेळ निभावल्यावर तो लगेच बदलावा. आणि पेटी बसवली तरी माणसांकडच्या किल्ल्या परत घेऊ नका, कारण पेटी केवळ त्यांना पूरक आहे. आई पडल्या तर ते कळणार माणसालाच, आणि त्या वेळी किल्ली त्याच्या घरी असेल तर काही मिनिटे वाचतात.

कृष्णाकाठ

सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, याबद्दल कृतज्ञ आहे. आईशी काल सविस्तर बोलले. तिला मुठीचे रिम लॉक मान्य आहे, पण रात्री कडी लावल्याशिवाय झोप येणार नाही असे ती म्हणते. मावशींनी किल्ली ठेवायला आनंदाने होकार दिला आहे. शेवटची शंका सुतारकामाची आहे. आमचे दार दर पावसाळ्यात फुगते आणि जोर लावून ओढावे लागते. तसे झाले तर नव्या कुलपाचे बोल्ट त्यांच्या घरात (भोकांत) नीट बसतील का?

रंधा-पटाशी, कोल्हापूर

ताई, आईंचे म्हणणे रास्त आहे. आयुष्यभराची कडी एका दिवसात सुटणार नाही. कडी काढून टाकायला सांगू नका. तिच्या जागी दुसरे तसेच रिम लॉक थोडे वर बसवा, त्याच किल्लीने उघडणारे. एकाच किल्लीची दोन कुलपे विक्रेत्याकडे मागणी करून मिळतात. मग आई रात्री दोन मुठी फिरवतील, दोन ठिकाणी बोल्ट लागल्याचा आवाज त्यांना ऐकू येईल, आणि बाहेरून दोन्ही एकाच किल्लीने उघडतील. जुनी कडी फळीवर शोभेला राहू द्या, पण तिचा दुसऱ्या फळीवरचा कोयंडा काढून घ्या, म्हणजे चुकूनही ती लागणार नाही. वरच्या खिट्टीचेही तसेच करावे लागेल, तिचा विसर पडू देऊ नका.

दार फुगण्याविषयी असे आहे की सागवान इतर लाकडांपेक्षा कमी फुगते, तरी वाईच्या पावसात फळीच्या कडा आणि खालचा भाग पाणी धरतातच. ऐन पावसात रंधा मारून दार बारीक करू नका, कारण हिवाळ्यात तेवढीच फट पडते आणि त्या फटीतून पहार जाते. कामाला योग्य काळ म्हणजे पाऊस सरल्यावर, लाकूड वाळले की. फळीची वरची आणि खालची कड सहसा कोणी रंगवत नाही आणि पाणी तेथूनच शिरते. त्या दोन्ही कडांना तेल किंवा पॉलिश पाजून घ्या. बोल्ट ज्या घरात जातात त्याची भोके वर-खाली दोन-तीन मिलिमीटर मोकळी ठेवायला सांगा, आडव्या दिशेने मात्र नको, नाहीतर दार खडखडत राहील. कुलपात खोबरेल तेल किंवा शिलाईयंत्राचे तेल सोडू नका, त्यात धूळ चिकटून पिना अडकतात. ग्रॅफाइटची पूड सोडावी.

काम झाल्यावर सुताराला लगेच जाऊ देऊ नका. आईंना आत उभे करून दोन्ही मुठी त्यांच्याच हाताने लावायला सांगा, आणि तुम्ही बाहेरून प्रत्येक किल्लीने, मावशींच्या आणि काकांच्या पाकिटात जाणाऱ्या किल्ल्यांसह, दार उघडून पाहा. नव्याने पाडलेली नक्कल दुकानात बरोबर दिसते आणि दारात अडते, असे पुष्कळदा होते. हीच तपासणी पुढच्या आषाढात, दार फुगलेले असताना, पुन्हा करावी. पाकिटे त्या वेळी फोडावी लागतील, तेव्हा नवी पाकिटे आणि आईंची सही बरोबरच घ्या.